निळ्याचा इलाज

मनोरमा मिलच्या कामगारांना राग येतो, हा शोध मॅनेजमेंटला शहाण्णव साली लागला. आधीची दोन वर्षं एकेक खातं बंद पडत होतं, माणसं घरी बसत होती, तेव्हा तो लागला नव्हता. आता शोध लागलाच आहे तर इलाज करणं आलं, आणि इलाजाला कन्सल्टंट बोलवायचा, असा त्या दिवसांत इंदूरला नवा रिवाज पडला होता.

कन्सल्टंटचं नाव अभिराम. तुकोगंजात काचेच्या दाराचं ऑफिस. पणजोबा होळकर दरबारच्या दफ्तरात होते, त्यानंतर घरातल्या प्रत्येक पिढीने कोणाचे तरी कागद सांभाळले होते. अभिरामने कागद सोडून माणसांची मनं सांभाळायला घेतली होती, कारण नव्या जमान्यात त्यालाच मागणी होती. मिलच्या मीटिंगमध्ये त्याने पडद्यावर रंगीत चौकोन दाखवले. लाल बघितला की छातीची धडधड वाढते, पिवळ्याने माणूस चुळबुळतो, निळ्याने मात्र रक्त थंडावतं. परदेशात कुठल्याशा तुरुंगाच्या भिंती रंगवल्यावर कैदी मारामाऱ्या विसरले म्हणे. तेव्हा मिलच्या गेटाबाहेरच्या लांब भिंतीवर युनियनने लाल अक्षरांत लिहिलेल्या घोषणा पुसाव्यात आणि तिथे एक मोठं, सुंदर, निळं चित्र काढून घ्यावं.

त्या खोलीत निळ्याचा दुसरा अर्थ ठाऊक असलेला एकच माणूस होता. तो म्हणजे धम्मपाल, मिलचा कामगार कल्याण अधिकारी. त्याचे आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, वडील शंकरराव त्याच छावणीच्या स्टोअरमधून रिटायर झाले होते, आणि त्यांच्या घरावर दर चौदा एप्रिलला निळा झेंडा लागत आला होता. मिलमागच्या चाळींतल्या निम्म्या घरांवर तोच झेंडा लागे. निळं बघून त्या घरांतलं कोणी आजवर थंडावलेलं धम्मपालने तरी पाहिलं नव्हतं. पण तो बोलला नाही. कधी गप्प बसावं हे कळत असल्यामुळेच तो टाइमकीपरचा अधिकारी झाला होता. शिवाय खोलीत एसी होता, आणि एसीत बसून विरोध करणं त्याला बरं दिसेना.

उलट, चित्र कोण काढणार असा प्रश्न आला तेव्हा त्याने घसा साफ करून सांगितलं की माझी बहीण चित्रकार आहे.

मीटिंग संपल्यावर जनरल मॅनेजर जयसिंगरावांनी त्याला मागे ठेवून घेतलं आणि शांततेची गरज काय ते समजावलं. बुद्धपौर्णिमेनंतरच्या सोमवारी ट्रक येणार होते. सूतखात्यातली चांगली मशीनं रिपेअरसाठी गुजरातला जाणार होती. मग उरलेल्या मिलला टाळं लावायचं होतं. तोवर लोकांची डोकी गार राहायला हवीत. रिपेअर हा शब्द उच्चारताना जयसिंगराव खिडकीबाहेर बघत होते, आणि धम्मपालही त्यांच्याबरोबर खिडकीबाहेर बघू लागला.

बहीण धम्मदीना एका शाळेत ड्रॉइंग शिकवायची. तिशीला आलेली, बिनलग्नाची, आणि घरच्यांच्या मते त्याला कारण चित्रं. तिच्या एकुलत्या एक प्रदर्शनाला घरचेच लोक गेले होते आणि खुर्च्या चांगल्या होत्या असं म्हणत परतले होते. धम्मपालने तिला मोठ्या भावाच्या उदारपणाने काम देऊ केलं आणि अटी वाचून दाखवल्या: लाल रंग नको, मूठ नको, झेंडा नको, घोषणा नको. माणसं हवीत, पण समाधानी.

तिने सगळं मान्य केलं. तिची एकच अट होती, काम पुरं होईपर्यंत कोणी बघायचं नाही. भिंतीसमोर बांबूची परांची उभी राहिली, तिला जुन्या तागाच्या कनाती बांधल्या गेल्या, आणि महिनाभर दीना शाळा सुटली की कनातीमागे जाऊ लागली.

कनात उतरली तेव्हा अटीबाहेरचं काहीही दिसलं नाही. दुसरी पाळी सुटली आहे, संध्याकाळ झाली आहे, आणि माणसं गेटातून बाहेर येत आहेत, एवढंच चित्र. माणसं खऱ्या उंचीची होती. सगळं निळ्यात, पण निळेही किती: धुण्याच्या निळीचा, मोरपंखी, पाटीसारखा करडा, पिकल्या जांभळासारखा. एकाचाही हात वर नव्हता. फक्त प्रत्येक जण सरळ बघणाऱ्याकडे बघत होता, आणि प्रत्येकाचा चेहरा कोणाचा तरी होता. दीनाने कामगारच काढले होते. काढून टाकलेले काढले होते, गैरहजर माणसाच्या जागी रोजावर लागणारे बदलीवाले काढले होते, सुताकापसाचा कचरा निवडणाऱ्या कचराखात्यातल्या बायका काढल्या होत्या, आणि दोन-तीन असे काढले होते जे आता कुठल्याच पाळीला येणार नव्हते.

अभिरामने फोटो घेतले. जयसिंगराव म्हणाले, ठंडक है भिया, अच्छी ठंडक है.

ठंडक दुसऱ्या दिवशीपासून जाणवू लागली. आधी चाळीतली माणसं आपले चेहरे शोधायला आली. मग बायकापोरं घेऊन आली. एक म्हातारी रोज सकाळी येऊन नवऱ्याच्या पायाशी बसायची. निळ्या झेंड्यांच्या घरांतले लोक लांबून निळं बघूनच आले, त्यांना वाटलं आपला काही कार्यक्रम आहे. लाल झेंड्याची युनियनवाली मंडळी आपल्या घोषणा कोणी पुसल्या याचा जाब विचारायला आली, आणि भिंतीत आपलेच मेंबर बघून तिथेच थांबली. ज्या भिंतीला लोक वर्षानुवर्षं नुसत्या सायकली टेकवत आले होते, तिच्यासमोर आता माणसं बसायला लागली. संध्याकाळी उठून जायची आणि सकाळी जास्त होऊन यायची. बोलता बोलता कळायला लागलं की कोणाला काय सांगून घरी बसवलं गेलं, आणि प्रत्येकाला वेगळंच सांगितलं गेलं होतं.

जयसिंगरावांनी धम्मपालला बोलावून विचारलं की ही काय भानगड आहे. चित्र ज्याने आणलं त्यानेच ते आवरावं, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

*

बुद्धपौर्णिमेला स्नेहलतागंजातल्या घरी सगळे जेवायला जमले. वंदना झाली, खिरीची पातेली उतरली, आणि पानं मांडताना धम्मपालने विषय काढला. घरातली मोजणी त्याने आधीच करून ठेवली होती. बाबा त्याच्या बाजूने असणार, कारण त्यांना हुकूम हा शब्द आवडतो. आई कौसल्याबाई असणार, कारण ती शेजाऱ्यांसमोर त्याला साहेब म्हणते. विजयमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मिलच्या सूतखात्यात होता; पण त्याने राजीखुशीचा राजीनामा टाकून पोह्यांची गाडी लावायचं ठरवलं होतं, त्यामुळे तोही असणार. बायको इंदिरा पोस्टात नोकरी करायची आणि घरच्या भांडणात पोस्टासारखीच वागायची: घ्यायचं, द्यायचं, उघडायचं नाही. उरली एकटी दीना.

त्याने शांतपणे, अधिकाऱ्याच्या आवाजात मांडलं. दीनाने उद्या जाऊन लोकांना सांगावं की चित्र हे नुसतं चित्र आहे, आपापल्या घरी जा. आणि मग स्वतःच्या हाताने त्यावर क्रीम रंग फिरवावा, म्हणजे कंपनीने पुसलं असं दिसणार नाही.

मोजणी सुरुवातीला बरोबर निघाली. शंकरराव म्हणाले की ज्याचं मीठ खातो त्याचा हुकूम पाळायचा, छावणीत असंच चालायचं. विजयमामा म्हणाला की बसून काय होऊन राहिलंय, मिल तर जाणारच, फुकट ऊन खातायत लोक. कौसल्याबाईंनी मुलीला सुनावलं की भावाने एवढ्या मायेने काम दिलं आणि तू त्याच्याच तोंडाला काळं फासलं. दीना म्हणाली, काळं नाही आई, त्यात काळा रंगच नव्हता. यावर कोणी हसलं नाही.

मग धम्मपालने तिला विचारलं की तू हे मुद्दाम केलंस का. त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल किंवा रडेल.

"तू सांगितलं तेच काढलं, दादा," दीना म्हणाली. "त्या लाल अक्षरांनी एवढी वर्षं त्यांना सांगितलं की काय करा. कोणी वाचलं नाही. मी काहीच सांगितलं नाही. फक्त कोण कोण आहे ते काढलं. ते एकेकटे घरी बसले होते, आता त्यांना दिसलं की आपण किती जण आहोत. निळा नसता, हिरवा असता, तरी बसलेच असते. निळ्यामुळे थोडे लवकर आले एवढंच."

"हे लेक्चर शाळेत दे."

"शाळेत फुलदाणी काढायला लावतात."

इथपर्यंत धम्मपाल जिंकत होता. पण कौसल्याबाईंच्या मनात आठवडाभर एक सल होता, तो आता बाहेर आला. त्या चित्र बघून आल्या होत्या. लेकीला नावं ठेवायला म्हणून गेल्या आणि ऊन होईपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. त्यांना भिंतीत विजय सापडला, एक खांदा पाडून चालणारा, अगदी तसाच. कँटीनचा चहावाला सापडला, कचराखात्यातली शेजारीण सापडली, गेटावरचं कुत्रं सुद्धा सापडलं. मुलगा काही सापडला नाही.

"कुत्र्याला जागा आहे," त्या म्हणाल्या, "माझा साहेब कुठे आहे त्यात?"

दीनाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाली, दादा ऑफिसच्या दाराने बाहेर पडतो, मी कामगारांचं गेट काढलं. त्यात तिचा काही टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. आपण स्वतःही एका दुपारी भिंतीसमोरून तीनदा, चष्मा पुसत, हळूहळू गेलो होतो, आणि कशासाठी गेलो होतो, हे धम्मपालने कोणाला सांगितलं नव्हतं. तो जे शोधत होता तेच आईने चारचौघांत विचारून टाकलं.

तो चिडला. चिडल्यावर त्याचं मराठी सुटून हिंदी येई. तो म्हणाला की ठीक है, बैठने दो, सोमवार तक की ही बात है.

"सोमवारी काय आहे?" विजयमामाने विचारलं.

धम्मपालने भाजी मागितली. भाजी इंदिराच्या हातात होती. तिने वाढली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच पोस्टाने हातातलं पाकीट उघडलं.

"सोमवारी ट्रक येणार आहेत," ती म्हणाली. "सूतखात्याची मशीनं घेऊन जायला. पहाटे उठवायला सांगितलंय मला यांनी."

विजयमामाचा घास हातातच राहिला. त्याच्या रिंगफ्रेमवर, सूत कातायच्या त्या मशीनवर, त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. ती भंगारात जाईल हे त्याने मनाशी मान्य केलं होतं, पण आपल्याला चित्र दाखवून मागून काढून नेतील, हे त्यात धरलं नव्हतं. धम्मपाल घाईने म्हणाला की मशीनं रिपेअरला चालली आहेत.

शंकररावांनी खिरीची वाटी बाजूला सारली. ते उभा जन्म छावणीच्या स्टोअरमध्ये काढलेले गृहस्थ. त्यांनी विचारलं, दुरुस्तीला जातात तर परत यायची तारीख काय. धम्मपाल म्हणाला की तारीख अजून ठरली नाही. शंकरराव म्हणाले, कुठल्या कारखान्यात जातात. धम्मपाल म्हणाला की तेही वरूनच ठरेल.

"आमच्याकडे असं सामान बाहेर गेलं," शंकरराव म्हणाले, "तर त्याला दुरुस्ती म्हणत नसत. कोर्ट मार्शल होई."

विजयमामा उठला, हात धुतले, ताईला येतो म्हणाला आणि गेला. तो कुठे गेला हे विचारायचं कारण नव्हतं. त्याच्यामागून दीना गेली. कौसल्याबाई उठून स्वयंपाकघरात भांडी आपटू लागल्या, आणि शंकररावांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. धम्मपालची सगळी माणसं खीर संपायच्या आत पलीकडे गेली होती. त्याने स्वतःच भाजी वाढून घेतली.

*

सोमवारी सकाळी गेटासमोर एवढी माणसं बसली होती की रस्ता दिसत नव्हता. घोषणा नव्हती, दगड नव्हता. माणसं मांडी घालून भिंतीकडे पाठ करून बसली होती, आणि त्यांच्यामागे तेवढीच निळी माणसं उभी होती. अभिरामचा सिद्धांत शब्दशः खरा ठरला होता. लोक शांत झाले होते. इतके शांत की हलायला तयार नव्हते.

याचा सगळ्यात जास्त त्रास पोलिसांना होत होता. इन्स्पेक्टरने धम्मपालला बाजूला घेऊन विचारलं की साहब, शिकायत में लिखूँ क्या, बैठे हैं? एखादी काच तरी फुटायला हवी होती. जयसिंगराव आत येरझाऱ्या घालत होते. ट्रक मागच्या कच्च्या वाटेने रात्रीच रिकामे आत येऊन भरून उभे होते, पण भरलेल्या गाड्या बाहेर काढायला हेच एक गेट होतं.

जयसिंगरावांनी हुकूम दिला की आधी ते चित्र घालवा, मग लोक आपोआप पांगतील. धम्मपाल शाम नावाच्या रंगाऱ्याला आणि चुन्याच्या बादल्या घेऊन बाहेर आला. माणसांनी त्याला वाट दिली. त्याने भिंतीच्या टोकाकडे बोट दाखवलं आणि शामने कुंचा फिरवला.

ओल्या चुन्याखाली काही झाकलं जात नाही. चेहरे तसेच दिसत राहिले, फक्त पाण्यामागे गेल्यासारखे. शाम पुढे सरकत राहिला. पण वैशाखाचं ऊन होतं. चुना सुकत गेला तसतसा पांढरा होत गेला, आणि पहिला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू नाहीसा झाला. मग दुसरा. लोक मान वळवून बघत होते. तिसरा विजयमामा होता. आधी त्याचा पडलेला खांदा गेला, मग नाक, मग डोळे.

खरा विजयमामा बसल्या जागेवरून उठला, गेला आणि ओल्या भिंतीला पाठ लावून, जिथे चित्रातला तो होता तिथे उभा राहिला.  त्याच्या शेजारी कचराखात्यातली एक बाई उभी राहिली. मग एक जण, मग पाच, मग पुरी रांग. शामचा कुंचा एका माणसाच्या छातीशी येऊन थांबला. त्याने धम्मपालकडे पाहिलं की आता कोणाला रंगवू.

त्या रांगेत जांभळ्या साडीतली एक बाई उभी होती, जिने आयुष्यात मिलच्या गेटात पाऊल टाकलं नव्हतं. कौसल्याबाईंनी मुलाकडे पाहिलं नाही. त्या समोर बघत होत्या, फोटो काढताना बघतात तशा.

धम्मपाल आत गेला. आत जयसिंगरावांनी सांगितलं की चित्र गेलं खड्ड्यात, इन्स्पेक्टर बायकांना बाजूला करेल, ट्रक निघू दे. माल बाहेर जायला गेट पास लागे, आणि पासवर कल्याण अधिकाऱ्याची सही लागे. हा नियम जुन्या मालकांनी कामगारांच्या समाधानासाठी केला होता आणि तो रद्द करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पास टेबलावर होता.

धम्मपालने खिशातलं पेन काढलं. टोपण काढलं. पासकडे बराच वेळ बघितलं आणि टोपण परत लावलं.

"पेन चालत नाही, सर."

जयसिंगरावांनी त्याच्या खिशाकडे बघितलं. तिथे आणखी दोन पेनं होती.

"तीही चालत नाहीत," धम्मपाल म्हणाला.

जयसिंगरावांनी स्वतःचं पेन पुढे केलं. ते परदेशी होतं आणि नक्की चालत होतं. धम्मपालने ते हातात घेतलं, बघितलं, आणि अदबीने पासशेजारी ठेवून दिलं. आपण क्रांती करतोय असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.  एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच नुसतं गप्प राहणं सोडून काही करत होता, आणि ते नेमकं काय हे त्याला नीट समजत नव्हतं.

ट्रक दिवसभर आतच उभे राहिले. दुपारपर्यंत युनियनच्या वकिलाने कोर्टाचा माणूस आणला, त्याने मशीनांना सील लावलं. मिल वाचली नाही, वर्षाच्या आत तिला टाळं लागलंच. पण ते कोर्टासमोर लागलं, देण्यांच्या यादीत सगळ्यांच्या नावांसकट, बदलीवाल्यांच्या आणि कचराखात्यातल्या बायकांच्याही. धम्मपालची बदली सांवेरला, कंपनीच्या सोयाबीनच्या गोदामावर झाली. हुद्दा कल्याण अधिकारी असाच राहिला, त्यामुळे तो तिथे सोयाबीनचं कल्याण पाहू लागला. अभिरामने रिपोर्ट दिला की निळ्या रंगाने अपेक्षित शांतता पूर्णपणे साधली, आणि त्या रिपोर्टावर त्याला आणखी दोन गिऱ्हाइकं मिळाली.

पण ते सगळं नंतर. त्या सोमवारी संध्याकाळी ऑफिसचं दार जयसिंगराव बंद करून गेले होते, म्हणून धम्मपाल कामगारांच्या गेटाने बाहेर पडला. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. बहुतेकांना काही माहीतच नव्हतं, आणि ज्यांना होतं त्यांचा अजून विश्वास बसला नव्हता. दीना परांचीच्या मागे राहिलेल्या एका बांबूला टेकून शामशी चुन्याबद्दल काहीतरी बोलत होती. विजयमामा थोडा सरकला आणि त्याने शेजारची जमीन हाताने झटकली.

धम्मपाल म्हणाला की घरी जायला हवं, आई, चल, उशीर झाला.

"तू हो पुढे," कौसल्याबाई म्हणाल्या. "मी थांबते."

तो घुटमळला. मग त्याने खिशातून रुमाल काढला, घडी मोडून जमिनीवर नीट अंथरला आणि पँटची इस्त्री सांभाळत त्यावर बसला. साहेबपणा एका दिवसात जात नाही.

कौसल्याबाईंनी पाठीमागे हात नेऊन चाचपलं. जांभळ्या साडीला चुन्याचे पट्टे आले होते.

"रुमाल दे इकडे," त्या म्हणाल्या.

तो उठला, रुमाल झटकून आईला दिला, आणि खाली बसला.